चुड्याचं गाणं आणि माझं प्रास्ताविक

३ नोव्हेंबर, सोमवार
निवृत्तीनंतरचं जीवितकार्य ठरलं. संगीतातून समन्वय. उपेक्षितांचा आवाज समाजापर्यंत पोचवायचा. प्रोजेक्टचं नाव 'सूरसेतू'. सुरुवात वडूजच्या मदिनाबींपासून. त्या घरोघरी जाऊन नवरीला हिरवा चुडा भरतात आणि भरता भरता गातात. बायकोला सांगितलं, एक दुर्लक्षित रत्न शोधलंय. उमा म्हणाली, माझा चुडा त्यांनीच भरला होता, अख्खं वडूज ओळखतं त्यांना. उमाला समन्वयातलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
वडूजला जाऊन आलो. मदिनाबींच्या गळ्यात गाठ आहे. २५ तारखेला मिरजेत ऑपरेशन. आवाज राहील याची डॉक्टरांना खात्री नाही. मुलगी नूरीनला त्याआधी गाणं रेकॉर्ड करून हवंय. पण म्हातारी नुसत्या मोबाईलसमोर गात नाही. नवरीचा हात हातात आल्याबिगर गाणं येत न्हाई म्हणते. आणि हल्लीच्या पोरी बांगड्या ऑनलाइन मागवतात.
मी म्हटलं, २३ ला साताऱ्यात माझ्या पुतणीचा, शिवांजलीचा चुडा आहे. या. रेकॉर्डिंगची जबाबदारी माझी. नूरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.
वडूज उमाचं माहेर, म्हणून मदिनाबी मला जावईबापू म्हणतात. मोठ्या व्यासपीठावर 'सर' बरं दिसेल.

१६ नोव्हेंबर
प्रास्ताविक लिहितोय. पाच मिनिटांचं. सध्या अकरा पानं झालीत. कापावं असं एक वाक्य सापडेना. उमा म्हणाली, फोनमध्ये जागा आहे का बघा. मी काय नवशिका आहे? लय वैताग आणते ही बाई.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
अभूतपूर्व! शिस्त म्हणून सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. नूरीनचासुद्धा. ती कुरकुरली. तिला सांगितलं, अधिकृत रेकॉर्डिंग एकच, माझं. प्रास्ताविक एक्केचाळीस मिनिटं. लोक खिळून बसले होते. जेवण त्यानंतर होतं.
मग मदिनाबींनी शिवांजलीचा हात धरला आणि गायल्या. सात-आठ मिनिटं. बायका रडल्या, उमा तर उठून आत गेली. मलाही कसंतरी झालं.
प्रास्ताविकाबद्दल मात्र एकही जण बोलला नाही. काय हा समाज!

२४ नोव्हेंबर
नूरीनचा फोन. एडिटिंग चालू आहे म्हणालो. फाईल अजून उघडलेली नाही, पण एडिटिंग डोक्यात चालूच असतं.

२६ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. गाठ निघाली, म्हातारी सुखरूप. 'सूरसेतू'च्या वतीने सत्काराचा विचार आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आवाज गेला. मदिनाबी खाणाखुणांनी बोलतात. नूरीनचा सकाळपासून तिसरा मेसेज. गाणं पाठवा, आईलाच ऐकायचंय.
फाईल उघडली. चौतीस मिनिटं. चौतिसाव्या मिनिटाला फोन भरला. म्हणजे सगळा मीच. मोबाईल कंपनीला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींवर फाडून टाकलं.
पुन्हा ऐकलं. अगदी शेवटी मी श्वास घ्यायला थांबलोय, तेवढ्यात मदिनाबी आहेत. हळू, अदबीने.
"जावईबापू, म्हनू का आता?"
त्यावर माझा आवाज.
"दोन मिनिटं हां, मावशी."
तिथे फाईल संपते.