मेअखेरची बोट

माले,
१२ एप्रिल १९५९

प्रिय युनूस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला इतका उशीर मी कधी केला नव्हता. काल पौडला अम्मींकडे जाऊन आलो. गुडघे दुखतात, बाकी ठीक आहेत. तू जीपला टेकून उभा असलेला तो फोटो त्यांनी सगळ्या आळीला दाखवून मळवून टाकलाय. ‘माजा युनूस लई वाळलाय रं,’ हे पालुपद चालूच.

आपल्या सफरीची तयारी म्हणशील तर सगळी झाली आहे. पासपोर्ट आला. शाळेनं तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. मेअखेरची मुंबईहून मोंबासाची बोट, पुढं रेल्वेनं आरुषा, दोन दिवस तुझ्या घरी आणि मग गोरोंगोरो. वर कड्यावर जूनमध्ये हाडं गोठतात असं तू लिहिलंस, म्हणून लीलानं स्वेटर विणायला घेतलाय. बाह्या तेवढ्या राहिल्यात. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर गोरोंगोरोचं विवर काढून दाखवलं. विझलेल्या ज्वालामुखीची एवढी मोठी कढई, भोवती दोन हजार फुटांची भिंत, तळाशी गवत, खारं तळं, त्यावर रोहित पक्षी. गेंडा मला काही नीट जमला नाही. पौडच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकातल्या सिंहाला तू शाईनं मिशा काढल्या होत्यास आणि छड्या मी खाल्ल्या होत्या. तेव्हापासून ती जनावरं मला पाहायची आहेत. तू एकोणिसाव्या वर्षी मोटारीचं काम शिकून बोटीत बसलास, मी इथंच राहिलो.

तुझ्या पत्राचा शेवटचा कागद मी लीलाला वाचून दाखवलेला नाही. सेरेंगेटीचा माळ जनावरांसाठी मोकळा करायचा म्हणून तिथल्या मसाई लोकांना गोरोंगोरोकडे हलवताहेत आणि त्या कामाला तुझ्या शेठच्या लॉऱ्या लागल्या आहेत, असं तू लिहिलंस. एक म्हातारी चुलीपाशी बसून राहिली, उठेचना. तू तिला पोत्यासारखी उचलून लॉरीत ठेवलीस, ती तुझ्या मनगटाला चावली. तू ते गंमत म्हणून लिहिलंस. खाली एक ओळ होती – मी नाही नेली तर दुसरा कुणी नेईल.

युनूस, माझ्या वडिलांची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. धरणात आमचं गाव गेलं आणि आम्ही माल्याला आलो, एवढंच तुला ठाऊक आहे. त्या आधी मोजणीवाले आले तेव्हा त्यांची जमीन मोजायची साखळी धरायला गावातला एकही माणूस तयार नव्हता. माझ्या वडिलांनी धरली. कुणाचा बांध कुठं, हे त्यांनीच दाखवलं. आई पाया पडली, तर म्हणाले, ‘म्या न्हाई धरली तर दुसरा धरंल. साखळी काय र्‍हाती का?’ पाणी चढायला लागलं तेव्हा गोजरा आत्या, त्यांची सख्खी बहीण, दारातून हलेना. त्यांनीच तिला उचलून बैलगाडीत घातली. मी आठ-नऊ वर्षांचा, गाडीत भांड्यांवर बसलो होतो. आत्या ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘कुशाबा, आता मला हात लावू नगंस.’ माल्याला आल्यावर महिनाभरात ती गेली. तिच्या मुलांनी वडिलांना खांदा देऊ दिला नाही.

वडील त्यानंतर एकवीस वर्षं जगले. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. पण पंगतीत ते बसले की शेजारची जागा रिकामी राही. शेवटी शेवटी ते पंगतीला जाणंच सोडून अंगणात दोर वळत बसायचे. गुन्हेगार नव्हते रे ते. गरीब होते, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. साखळी दुसऱ्यानं धरलीच असती.

मी येत नाही. पाय सोडून त्या कड्यावर बसावं, खाली गेंडे पाहावेत आणि पाठीमागं त्या म्हातारीची नवी झोपडी असावी, हे मला झेपणार नाही. लीलाला अजून सांगितलेलं नाही. ती विणतेच आहे. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. पाऊस ओसरला की अजून पन्नास घरं हलवायची आहेत, असं तू लिहिलंस. ती लॉरी तू नेऊ नकोस. शेठ काढून टाकेल, तुझी मुलं शाळेत आहेत, हे सगळं मला कळतं. इथं बसून असं लिहिणं सोपं आहे, हेही कळतं. नाहीच जमलं तर सरळ घरी निघून ये, माझी अर्धी भाकरी तुझी. दुसरा नेईल म्हणतोस, तर नेऊ दे त्याला. तो माझा कुणी लागत नाही.

तुझाच,
वाल्मीक