सासरी दिलेले शेअर

बाबा, तुमच्या कारखान्याचा शेअर या आठवड्यात वर्षभरातल्या सगळ्यांत वरच्या भावाला पोचला. तुमच्या हयातीत त्याने कधी डोकं वर काढलं नाही, म्हणून तेवढाच विकायचा राहिला आणि माझ्या नावावर आला. मोबाइलवर त्याच्यापुढे वर्षाच्या उच्चांकाचा हिरवा बाण दिसला आणि मी इथे बोरिवलीच्या स्वयंपाकघरात, गॅसवरचं दूध विसरून बघत बसले. असा बाण नक्की काय सांगतो हो? आता उतरा म्हणतो, की बसून राहा म्हणतो?

तुम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. घाटकोपरला फरसाणवाल्याच्या वरच्या माळ्यावर आपल्या दलालाचं ऑफिस होतं. कॉलेजला सुट्टी असली की मीही तुमच्याबरोबर यायचे. टीव्हीवर खालच्या पट्टीत भाव सरकतायत, पंखा खडखडतोय आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून उभे. तुमचा एखादा शेअर वर्षाच्या उच्चांकाला टेकला की झालं, विका! दलाल कपाळाला हात लावतो. "काका, चलती गाडी से कायको उतरने का? वर जातोय म्हणजे कंपनीत दम आहे, लोक अजून घेतायत. थांबा ना जरा." तुम्ही ऐकाल तर शपथ. "आंबो तयार झालो काय उतरवूचो, नायतर माकडां खातली," असं गावच्या भाषेत सुनावून तुम्ही मोकळे. मग खाली उतरून पाव किलो जिलबी घ्यायची. पुढे कधी तो शेअर पडायचा, बऱ्याचदा आणखी चढायचा. मला तर दोघांचंही पटायचं, पंचाईतच सगळी.

खरी गंमत घरी. विकलेल्या शेअरचे भाव तुम्ही रोज पेपरात शोधायचात. आई पोळ्या लाटता लाटता करवादायची, "विकलंत ना एकदा? मग आता कशाला त्याच्या मागे?" तुम्ही म्हणायचात, "लेक सासरी दिली म्हणून तिची चौकशी करायची नाही?" आणि भाव चढलेला दिसला की मांडीवर थाप मारून हसायचात, "बघ, चांगल्या घरी पडली!" मी चिडायचे, मी काय शेअर आहे? पण आपल्या हातून सुटलेलं वर चढलं तर माणसाला आनंद कसा होतो, याचं मला फार नवल वाटायचं.

आईचे गुडघे पार गेलेत, बाबा, म्हणून सध्या ती माझ्याकडेच आहे. ऑपरेशन करायचंच होतं, प्रश्न फक्त पैशांचा. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? नवा हाय लागलाय, खरी धाव आता सुरू होणार. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलू ना." आतून आईचा आवाज आला, "शेअर धावेल रे, मी कधी धावणार? विकून टाक गं. मला आपल्या घरी, मुलुंडच्या बाजारात माझ्या पायांनी जायचंय." मी विचार केला, तो बाण एवढंच सांगतो की वर्षभरात याहून जास्त भाव कोणी दिला नाही. उद्या कोण काय देईल, ते त्याला तरी कुठे माहीत? विकले. जिलबीही आणली.

आज भाव आणखी वर गेलाय. मी मांडीवर थाप मारून बघितली, पण हसू काही आलं नाही, नुसता जीव जळला. मग तुम्ही कसे हसायचात? की आईसमोर आव आणत होतात? आणि तसं असेल, तर माझ्या लग्नात हॉलच्या दारात उभं राहून सगळ्यांना "चांगल्या घरी पडली" म्हणत हसत होतात, ते काय होतं? गाडीत बसताना मला तुमचा इतका राग आला होता! सगळ्यांचे बाप रडतात आणि माझाच कसा हसतो, म्हणून. नंतर रोज दुपारी तुमचा फोन यायचा, "काय गो, कशी आहेस?" आणि मी कंटाळून म्हणायचे, रोज रोज काय बाबा?

हे पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे एक सांगून टाकते. मघाशी नवऱ्याने विचारलं, "भाव बघितलास का गं?" मी हसून म्हटलं, "बघितला ना. चांगल्या घरी पडला." त्याला ते खरं वाटलं. मलाही तेव्हा, हॉलच्या दारात, तुमचं वाटलं होतं.