तव्यावरचा शांत उंदीर

४ जानेवारी
आज रुजू झालो. प्रयोगशाळा ऐसपैस, खुर्ची फिरती, चहाही बरा. माणसं मात्र एकेक नग! इथे झाडपाल्याचे अर्क काढून त्यांनी दुखणं थांबतं का, ते उंदरांवर तपासतात. उंदराला अर्क पाजून तापल्या तव्यावर ठेवायचं. पाय चाटला तर दुखलं, नाही चाटला तर औषध लागू पडलं. शेंबडं पोरही करील! शेजारच्या टेबलावरच्या बाई दर गोष्टीत खोट काढतात. मी त्यांना शंकासुर नाव ठेवलंय.

९ जानेवारी
माझ्या मुळीच्या अर्काने कमाल केली. उंदीर तव्यावर ढिम्म! ठरलेली वेळ संपली की भाजू नये म्हणून त्याला उचलायचं असतं. म्हटलं, बसू दे अजून. सरांनी पाठ थोपटली. शंकासुरबाईंच्या पोटात लगेच दुखलं. म्हणाल्या, आधी त्याला फिरत्या दांड्यावर चालवून बघा, पाय तरी हलतात का. मी म्हटलं, बाई, आपल्याला औषध करायचंय, सर्कस नाही. सगळे खो खो हसले. त्या म्हणत राहिल्या, त्याचे डोळे बघा. उंदराच्या डोळ्यांत काय बघायचं, कप्पाळ!

१२ जानेवारी
दाढ ठणकतेय. मी ताईकडे राहतो; ती डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागलीय. हाताशी अर्क असताना त्या दातपाड्याचं तोंड कोण बघणार? सकाळी घोटभर घेतला. ठणका तसाच. उंदीर केवढा, मी केवढा! दुपारी अख्खी बाटली रिकामी केली.

१२, संध्याकाळ
पलंगावर पडलोय. पाय उचलत नाहीत. बधिर म्हणावं, तर चादरसुद्धा टोचतेय. दाढेने जीव नकोसा — ओरडायला गेलो, जबडाच उघडेना.

ताईने विचारलं, बरं वाटतंय ना रे? मी नुसता बघत राहिलो. म्हणाली, गुण आला हो, कसा शांत पडलाय. बावळट कुठली!

शंकासुरबाईंचं खरं — दुखणं जात नाही, हलणं जातं. म्हणजे तव्यावर तो —

१२, थोड्या वेळाने
ताईने पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. बूच नीट लागलेलं नाही. उकळतं पाणी — भाजतंय — पाय ओढता येत नाही — उजवी बोटं तेवढी —

ती समोर बसून विणतेय. माझ्याकडे बघून हसली.

ताई, वही बघ. पायाकडे बघ. डोळ्यांत बघ माझ्या —

उठली. म्हणतेय, पुरे ते ऑफिसचं काम, झोप आता. पेन काढून घ्याय