बकुळा शेळीच्या पंखांची अंतिम विल्हेवाट

स्वस्ति. खानदेशबालवाङ्मयधुरंधर, कदलीवनरहस्यकथाप्रवर्तक, अजाचरित्रकार, जिल्हास्तरीय उत्कृष्ट बालसाहित्य पुरस्काराचा (विभागून) मानकरी, अनेक शालेय स्नेहसंमेलनांचा प्रमुख पाहुणा व एका स्नेहसंमेलनाचा ऐनवेळी बदललेला प्रमुख पाहुणा, जलसंपदा खात्यातील वरिष्ठ लिपिक श्री. समाधान गुलाब तायडे, वय वर्षे सत्तावन्न, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे सर्व एकच इसम असून तो इसम मी आहे.

माझ्या हृदयावरील शस्त्रक्रिया येत्या सोमवारी नाशिक येथे योजिली आहे. शल्यविशारदांनी काळजीचे कारण नाही असे तीन वेळा सांगितले, त्यामुळे काळजी उत्पन्न झाली व प्रस्तुत लेख करण्याचे ठरले. माझी बुद्धी शाबूत असून स्मृती अबाधित आहे. याच्या पुष्ट्यर्थ वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. माझी अलीकडील पुस्तके या कामी पुरावा म्हणून जोडू नयेत, असे वकीलसाहेबांनी सुचविले व मी ते मान्य केले. मजवर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे गृहस्थ पुढे कलम चारमध्ये येतील.

कलम १. पिंप्राळ्यातील राहते घर, पतपेढीतील ठेवी, भविष्यनिर्वाह निधी आणि दुचाकी, हे सर्व माझी धर्मपत्नी सौ. दीपमाला हिला मिळावे. दुचाकीचा आरसा बसवून घ्यावा. दीपमालेने माझे एकही पुस्तक शेवटपर्यंत ऐकलेले नाही. वाचून दाखवू लागलो की तिला झोप लागते. हा अभिप्राय मी प्रारंभीची काही वर्षे लेखनाचा गुण मानीत होतो.

कलम २. माझे सन्मानचिन्हवैभव, म्हणजे काचेच्या कपाटातील लाकडी, धातूच्या व प्लास्टिकच्या समस्त वस्तू, माझी पुस्तके छापणाऱ्या केळघड प्रकाशनाचे विद्यमान मालक चि. हितेंद्र यांस द्याव्यात. त्यांतील एकीवर माझे नाव 'समाधान तावडे' असे कोरलेले आहे. ती त्यांनी दर्शनी भागात ठेवावी.

कलम ३. आता मुख्य मालमत्तेकडे वळतो. ती म्हणजे बकुळा.

बकुळा ही शेळी होय. मूळ बकुळा माझ्या मातोश्री लिलाबाई यांच्या दोंडाईच्याच्या घरी होती व दिसेल ते खात असे. माझी कन्या प्रज्ञा लहानपणी सुटीत तिथे जाई आणि आज बकुळाने काय खाल्ले हे मला येऊन सांगे. त्यातून पहिले पुस्तक झाले. केळीच्या बागेतून पंपाचे भाग चोरीस जातात, मुले शोध घेतात आणि बकुळा भुकेपायी भलतीकडे जाऊन नकळत चोराचा माग दाखविते, इतकेच कथानक. शेळी बोलत नसे. तिला आपण शोध लावला हे ठाऊकही नसे. संध्याकाळ झाली की ती हरवे, मुले कंदील घेऊन हाका मारीत, आणि या ठिकाणी वाचणारी मुले पुस्तक मिटून आईजवळ सरकत, असे वृत्त मला यावल तालुक्यापासून धुळ्यापर्यंतच्या पालकांकडून प्राप्त होत असे. पहिली सहा पुस्तके चांगली आहेत. हे विधान मी नम्रतेचा त्याग करून व वकीलसाहेबांच्या समक्ष करीत आहे.

सातव्याच्या वेळी पुढील प्रकार घडला. केळघड प्रकाशनाची रीत अशी की मुखपृष्ठे आधी छापायची आणि मजकूर मागाहून. लग्नसराईत पत्रिकांचा रंगीत कागद यंत्रावर चढला की उरलेल्या कडेवर आमचे मुखपृष्ठ छापून निघे, म्हणजे छपाई जवळपास फुकट पडे. चित्रकार श्री. गिरधर वारुळे यांनी बकुळा काढली व तिच्या मागे केळीचे झाड काढले. झाडाचे खोड फिकट पोपटी होते. त्या दिवशी यंत्रात पत्रिकेचा लाल व सोनेरी रंग चालू होता. पोपटी उमटलाच नाही. खोड गेले आणि गडद रेघांनी काढलेली दोन लांब पाने तेवढी राहिली, ती थेट शेळीच्या खांद्यांतून निघालेली.

प्रकाशनाचे संस्थापक कै. लीलाधरशेठ ते मुखपृष्ठ घेऊन धुळ्याच्या बाजारात गेले. तिथल्या पुस्तकविक्रेत्याने विचारले, ही उडणारी बकरी कुठून आणली, आणि नेहमीच्या दुप्पट प्रती सांगितल्या. शेठ परत आले ते थेट माझ्या कचेरीत.

"तायडे साहेब, मुखपृष्ठ छापून झालंय. आता बकरी उडली पाहिजे."

मी शेळीच्या शरीररचनेविषयी काही निवेदन केले. शेठ म्हणाले की पत्रिकेचा हंगाम संपला, दुसरे मुखपृष्ठ पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर. बकुळा उडाली.

श्री. वारुळे माझ्या घरी आले, पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, "तायडे भाऊ, मी पानं काढली होती. तुमचं अर्धं आयुष्य केळीत गेलं, तुम्हाला पान ओळखू येईना?" मी त्यांना आत बोलावले. ते आले नाहीत. तेव्हापासून आमचा व्यवहार पाकिटांतून चालतो. मात्र पुढील प्रत्येक पुस्तकात त्यांनी पंखांना केळीच्या पानाच्या शिरा काढल्या, मध्ये जाड दांडा व दोन्ही बाजूंस बारीक रेघा, आणि वाऱ्याने फाटते तशी कड. एकाही समीक्षकाच्या हे लक्षात आले नाही. समीक्षक एकच होते व ते माझे मेहुणे होते.

मातोश्रींनी चित्र पाहून एवढेच विचारले, "बकरीले पंख कसाले लायात? मंग दूध काढाले कोन वर जाई?" या प्रश्नाचे उत्तर मालिकेत अद्याप आलेले नाही.

प्रज्ञा तेव्हा नऊ वर्षांची होती. आठवे पुस्तक तिने निम्म्यावर ठेवले. मी कारण विचारले.

"ती आता उडते ना पप्पा. वरून तिला चोर दिसणारच."

"दिसतोच," मी म्हणालो.

"आणि ती हरवणार पण नाही. मग मी कशाला वाचू?"

तिने नंतर मालिकेतील एकही पुस्तक उघडले नाही. बाकी महाराष्ट्राच्या हे ध्यानी आले नसावे, कारण विक्री वाढत गेली. अकराव्यात बकुळा बोलू लागली. तेराव्यात ती दिल्लीस गेली. सतराव्यात अंतराळात जाऊन आली व तिथे तिला गवत मिळाले. विसाव्यापासून ती स्वच्छतेवर व्याख्याने देते, कारण तशी पुस्तके शाळांच्या खरेदीत बसतात. पंचविसाव्यात तिला एक भाऊ झाला, जो कराटे जाणतो. ही सर्व पुस्तके मीच लिहिली आहेत. ती माझ्या नावे मोफत वाटण्यास हरकत नाही, फक्त वाटणाऱ्याने त्वरेने निघून जावे.

कलम ४. चि. हितेंद्र हे लीलाधरशेठांचे सुपुत्र. मालिका थांबवू इच्छितो, हे मी त्यांना गतवर्षी कळविले. त्यांनी मला चहा पाजला व म्हणाले, "काका, तुम्ही त्रास घेऊ नका. फक्त नाव द्या, मजकूर कॉम्प्युटर देतो." आणि नमुन्यादाखल एक कथा पुढे केली. मी ती वाचून परत दिली व सांगितले की हे आपले चोविसावे पुस्तक आहे, पूर्वीच छापले आहे. ते म्हणाले, नाही काका, हे सकाळीच काढलंय.

त्या प्रसंगानंतर मी मूळ करारनामा प्रथमच साद्यंत वाचला. त्यात असे लिहिले आहे की लेखकाच्या पश्चात लेखी हरकत घेणारा नामनिर्दिष्ट वारस नसल्यास बकुळा ही प्रकाशनाची होईल व ते तिचे काहीही करू शकतील. काहीही म्हणजे काय, याची यादी हितेंद्र यांनी मला उत्साहाने ऐकविली आहे. तीत मोबाइलमधील खेळ, दप्तरे, आणि बकुळाने मुलांना पाढे शिकविणे ही कामे आहेत.

कलम ५. सबब बकुळा, तिचे नाव, रूप, चाल, भूक व तिच्या भावी कथांवरील समस्त हक्क मी माझी कन्या प्रज्ञा हिला देत आहे. ती दीपनगर येथे वीजकेंद्रात अभियंता असून साहित्याशी तिचा संबंध नाही, ही तिची प्रमुख अर्हता होय.

ती प्रथम राजी नव्हती. दूरध्वनीवर म्हणाली, "पप्पा, पंचवीस वर्षं झाली, मी ती पुस्तकं बघितलीसुद्धा नाहीत. मला कशाला गुंतवता यात? आणि हरकत घ्यायची म्हणजे करायचं काय?"

मी म्हणालो, "आठव्या पुस्तकाला घेतलीस तशी."

 मी नवे काही लिहिले आहे का, असे तिने विचारले.

लिहिले आहे. शेवटच्या पुस्तकाचे हस्तलिखित माझ्या कपाटात आहे. त्यात बकुळा बोलत नाही. ती बागेत उभी आहे, भूक लागली आहे, ती मान वळवून मागे पाहते, तिला दोन पाने दिसतात आणि ती ती खाते. एक झाल्यावर दुसरे. त्यानंतर अंधार पडतो, ती हरवते, आणि मुले कंदील घेऊन निघतात. पंख कुठे गेले याविषयी कोणीही भाषण करीत नाही. हितेंद्र यांनी हे छापण्यास नकार दिला आहे. पंख नसतील तर दप्तरावर काय छापायचे, हा त्यांचा प्रश्न.

प्रज्ञा रविवारी आली व ओट्यावर बसून तिने ते वाचले. मी आत पंखा पुसत होतो. तिने एका परिच्छेदापुढे पेन्सिलने 'इथे कंटाळा' असे लिहिले आहे. तो परिच्छेद काढावा. कंदील विझतो त्या पानाशी तिने हस्तलिखित मिटले. मग पुन्हा उघडले. जाताना दारात म्हणाली, "द्या माझ्या नावावर."

कलम ६. सदर हस्तलिखित प्रज्ञेने योग्य वाटेल त्या प्रकाशकाकडून, अन्यथा स्वतः, छापून घ्यावे. मजकूर आधी व मुखपृष्ठ नंतर, हा क्रम कोणत्याही लग्नसराईत मोडू नये. त्यानंतर बकुळाविषयी कोणीही काहीही लिहू नये, शस्त्रक्रियेतून वाचल्यास मीदेखील.

कलम ७. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, वेळेत व्हावा. शोकसभेत मालिकेतील उतारे वाचू नयेत. वाचायचेच झाल्यास पहिल्या सहांतून वाचावेत. वक्त्यांनी बकुळा 'आकाशी झेपावली' असे म्हटल्यास माईक बंद करावा.

कलम ८. साक्षीदारास मृत्युपत्रात काही देऊ नये, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. त्यास अनुसरून श्री. गिरधर वारुळे यांना मी साक्षीदार नेमले आहे. ते येतील असे वाटले नव्हते. ते आले, हस्तलिखित मागितले, उभ्याउभ्याच वाचले व पेन मागितले.

वरील लेख मी स्वतः वाचून, समजून, टंकलेखकाच्या शुद्धलेखनाशी तडजोड करून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही केली व त्यांनी माझ्या समक्ष केली.

स्थळ : जळगाव
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) समाधान गुलाब तायडे

साक्षीदार :
१. (सही) गिरधर नवल वारुळे, चित्रकार, जळगाव
२. (सही) प्रमिलाबाई अभिमन भारंबे, शेजारीण, पत्ता :

टीप, मृत्युपत्रकर्त्याच्या हस्ताक्षरात : श्री. वारुळे यांनी सहीसोबत साक्षीदारांच्या रकान्यात एक शेळी काढली आहे. चारही पाय जमिनीवर आहेत व तोंडातून केळीच्या पानाचा तुकडा बाहेर आला आहे. चित्र उत्तम आहे, परंतु त्याने प्रमिलाबाईंच्या पत्त्याची जागा व्यापली. खाडाखोड चालणार नाही असे वकीलसाहेब म्हणतात, पान पुन्हा टंकित करू देणार नाही असे मी म्हणतो, आणि टंकलेखक जेवायला गेला आहे. शेळीच्या पाठीवरील जागा पूर्ण मोकळी आहे. तिथे 'भारंबे' बसते, प्लॉट क्रमांक बसतो, 'दत्त मंदिरामागे' बसत नाही, आणि ते लिहिल्याशिवाय टपाल येत नाही असे प्रमिलाबाईंचे म्हणणे असून त्या अजून पेन धरून उभ्या आहेत.