सुपात मीठ कमी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल तुम्ही सिंगापुरातल्या सेरंगूनच्या माझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी येऊन बसलात. तुमचा इतका राग मला तुम्ही असतानाही कधी आला नव्हता.

आई सध्या आमच्याकडे आली आहे. काल मी मिसो सूप केलं होतं, खालच्या मजल्यावरच्या जपानी शेजारणीनं शिकवलेलं, अगदी साधं. वाळलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी पाण्यात भिजवायची, ती काढून त्याच पाण्यात गाजर-मुळा मऊ शिजवायचा, टोफू सोडायचा. लहान लेकीसाठी वाटीभर आधी काढून ठेवायचं आणि मग गॅस बंद करून उरलेल्यात मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा, कालवायचा. एका पातेल्यात सगळं घर जेवतं. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानं जेवलेल्या आईला मी हाताला धरून टेबलाशी बसवलं. लेक गाजराचे तुकडे वेचत इथल्या इंग्रजीत म्हणत होती, "आजी, ईट लाह." तेवढ्यात माझा नवरा सहज म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय का?"

आई उठलीच. "थांबा, मी पटकन दुसरं काही करते. चिडू नका," म्हणत तिनं आधी लेकीची वाटी उचलून लांब नेऊन ठेवली. नवऱ्याला काही कळेना. "आई, बसा हो. मीच घालतो थोडा मिसो," म्हणत तो उठला, तर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मला मात्र कळलं. मी आठ-नऊ वर्षांची आहे, आमटी अळणी झाली आहे आणि तुम्ही ताट भिंतीवर भिरकावता. "कुत्रं तरी खाईल का हे?" आई भिंत पुसते, शितं वेचते, आमटी पुन्हा करते. तुम्ही सावकाश जेवता आणि आम्ही भावंडं श्वास रोखून तुमच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले लोक येतात तेव्हा तुम्ही केवढे हसरे. तुम्ही गेलात तेव्हा तेच लोक म्हणाले, देवमाणूस गेला. आईनं मान डोलावली. कसला देवमाणूस, बाबा? चिमूटभर मिठापायी तुम्ही एका बाईला जन्माची भीती घातलीत, आणि स्वतः झोपेत, सुखानं गेलात. तुम्ही होतात तेव्हा कुणाची विचारायची हिंमत झाली नाही. आज माझी आहे, तर तुम्ही नाही.

शेवटी आई बसली. चार घोट घेऊन म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं गं. ताप आला की असंच काही मऊ मागायचे." मी ताडकन म्हणाले, "या टेबलावर त्यांचं नाव काढू नकोस." तिनं वाटी खाली ठेवली.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, आईच्या हाती लागायला नको. पण खरं सांगते, पहिला घोट घेताना, ती बोलायच्या आधी, माझ्याही मनात तेच आलं होतं, तुम्हाला हे आवडलं असतं.