सहाशे बारावा असिस्ट

मी, लोरेटा अर्लीन किसलिंग, वय सत्तावन्न, अविवाहित, राहणार मिल्स प्रेअरी, टॅलमन कौंटी, इंडियाना, धंदा गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी लोकांची मनं दुखावणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वादुपिंडाने दगा दिला असला तरी डोकं जागेवर आहे, असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. गावातल्या निम्म्या लोकांचं मत वेगळं पडेल. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणलं असतं तर हा कागद तीस वर्षांपूर्वीच लिहून झाला असता.

याआधी केलेली दोन मृत्युपत्रं मी रद्द करते. त्यांत खोटं काही नव्हतं. खरं सांगायचं तेवढं राहिलं होतं.

कलम १. मेपल रस्त्यावरचं माझं राहतं घर, मागच्या शेडसह, माझा धाकटा आणि एकुलता भाऊ डेल किसलिंग याला द्यावं. घर आमच्या वडिलांचं, ते त्याच्याकडेच जायचं. पन्हाळ गळते, ती त्याने दुरुस्त करावी. गेली अकरा वर्षं तो "पुढच्या शनिवारी करतो, ताई" म्हणतो आहे. तो शनिवार आता त्याच्या मालकीचा झाला.

कलम २. माझी मोटार हॉटेलवाल्या वांडा प्रूइटला द्यावी. तिची मोटार डिसेंबरपासून तिच्याच दारात बर्फाखाली आहे. वांडाच्या कॉफीबद्दल मी छापून जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण तीस वर्षं तीच कॉफी प्यायले हेही नोंदवून ठेवते.

कलम ३. हर्शल गूच, न्हावी, याला माझ्याकडून काहीही मिळू नये. माझ्या अंत्यविधीला त्याला बोलायला उभं करू नये. उभा राहिलाच तर बास्केटबॉलचा विषय निघताच ऑर्गन वाजवायला सुरुवात करावी.

हर्शलवरचा राग समजायचा तर वांडाच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं गोल टेबल माहीत हवं. १९८८ पासून दर शनिवारी सकाळी सात वाजता तिथे एकच वाद चालतो: ऑर्डवे कॉलेजच्या इतिहासातला सर्वांत मोठा गार्ड कोण? पंच्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर खेळलेला लूशियस मेबरी, की चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी खेळलेला डेल किसलिंग, म्हणजे माझा भाऊ? मिठाची बाटली मेबरी, मिरीची बाटली डेल, केचप म्हणजे आडवा येणारा बचावपटू. या बाटल्या सरकवता सरकवता माणसं म्हातारी झाली, दोन गेली, आणि एकाने मेव्हण्याशी बोलणं टाकलं.

"मेबरीच्या वेळी समोर होतं कोण रे? पोस्टमन आणि पाद्री!" हर्शल म्हणायचा.

"आणि डेलच्या वेळी?" मिठाच्या बाजूचा कोणी विचारायचा. "त्याच्या हाताखाली तीन ताडमाड पोरं होती. आमच्या वांडाने पास दिला असता तरी चेंडू आत पडला असता."

"मला मध्ये ओढू नका," वांडा कॉफी ओतत म्हणायची. "मी पास दिला तर तुमच्या डोक्यातच बसेल."

शेवटी हर्शल टेबलावर बोट आपटायचा. "सहाशे बारा! सहाशे अकरा! कोणता आकडा मोठा, तेवढं सांगा आणि अंडी खा."

हे आकडे असिस्टचे. गार्डचं काम स्वतः चेंडू टाकण्यापेक्षा दुसऱ्याला टाकायला देणं. त्याच्या पासवर दुसऱ्याने थेट बास्केट केली, तर गार्डच्या नावावर एक असिस्ट लागतो. मेबरीचे सहाशे अकरा, तीन वर्षांत. डेलचे सहाशे बारा, चार वर्षांत. हर्शल बोट आपटायचा तेव्हा मी ताटलीकडे बघत असे. दुसऱ्या गुरुवारी मेबरीच्या बाजूच्या लोकांवर एखादा विनोदी लेख लिहीत असे. लोक हसत. मेबरीही गावातच राहतो, सातवीला गणित शिकवत होता. त्यानेही ते वाचले असतील.

कलम ४. माझे लेख कात्रणांच्या सहा खोक्यांत आहेत. ते जाळावेत. शेडमध्ये नाही, अंगणात. शेड आता डेलची आहे.

कलम ५. गुणलेखनाचं साहित्य, म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, लाल-निळ्या पेन्सिली आणि वडिलांचं बसायचं लाकडी स्टूल, माझ्यानंतर कॉलेजच्या सामन्यांत गुण लिहायला बसणाऱ्याला द्यावं. सोबत हा निरोप द्यावा: पेन्सिल हलकी असते, बोट जड असतं.

याचा खुलासा करणं भाग आहे. मोठ्या कॉलेजात गुण एक जण लिहितो, असिस्ट दुसरे मोजतात. आमच्या लहान कॉलेजात सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. आधी ते काम माझे वडील करत, १९८३ पासून मी. आमच्या हॉलची रीत अशी की बास्केट झाली की भोंग्यावर बोलणारा आमच्याकडे बघायचा. असिस्ट असेल तर गुणलेखकाने बोट वर करायचं. मग तो नाव पुकारायचा. पुकारलेलं नाव परत घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

असिस्ट कशाला म्हणायचं हे नियमाच्या पुस्तकात दीड ओळीत आहे. बाकी सगळं गुणलेखकाच्या नजरेवर. पास मिळालेल्याने चेंडूचा एखादा टप्पा घेतला तर चालतं. तीन टप्पे घेतले, हूल दिली, मग वळून टाकला, तर ती त्याची स्वतःची कमाई, असिस्ट नाही. माझे वडील मेबरीच्या बाबतीत फार काटेकोर होते. सोनाराच्या तराजूत तोलून द्यायचे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोऱ्या पोरांना मात्र भाजीवालीसारखी वर एक जुडी टाकायचे. मेबरी काळा होता, हे घरात कोणी कधी मोठ्याने बोललं नाही. आमच्या घरात बरंच काही मोठ्याने बोलत नसत. त्याचे किती बुडाले ते मी सांगू शकत नाही. मी फक्त एका असिस्टबद्दल सांगू शकते, कारण तो माझा आहे.

कलम ६. २७ फेब्रुवारी १९८८. डेलचा शेवटचा सामना. विक्रम मोडायला सहा हवे होते. सामना केव्हाच जिंकलेला, एकोणीस गुणांनी पुढे. बास्केटचं कोणाला काही नव्हतं, लोक असिस्ट मोजत होते. "सहाशे दहा! सहाशे अकरा!" वडील चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी कोट घातलेला लूशियस मेबरी. विक्रम मोडला की त्याने येऊन डेलच्या हातात चेंडू द्यायचा, म्हणून कॉलेजने त्याला मुद्दाम बोलावून बसवलं होतं. आमच्याकडे माणसाला असा मान देतात.

चाळीस सेकंद उरले होते. डेलने उंच टॉड रेन्कला पास दिला. टॉडने एक टप्पा घेतला. दोन. तीन. हूल दिली. वळला. थांबला. टाकला. गेला.

भोंगेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. दोन हजार माणसांनी पाहिलं. वडिलांनी पाहिलं. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला पुढेही याच गावात राहायचं होतं. मी बोट वर केलं.

भावावरच्या मायेने केलं असं कोणी म्हणू नये. ते चांगलं दिसलं असतं. मी भिऊन केलं.

मेबरीने डेलला चेंडू दिला, हात मिळवला, फोटो निघाला. परत जाताना तो माझ्या टेबलापाशी वाकला आणि शांतपणे म्हणाला, "तीन टप्पे होते, बाई." एवढंच. नंतर तो कोणाकडेही काही बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात कॉलेजात मदतनीस प्रशिक्षकाची एक जागा निघाली. अर्ज दोघांनीही केले. जागा विक्रमवीराला मिळाली. डेलने ती दोन वर्षांत सोडली आणि विम्याची एजन्सी घेतली. त्याच्या मोटारीच्या पाटीवर ६१२, दुकानावर ६१२, टेलिफोनच्या शेवटी ६१२. लूशियस मेबरीने सव्वीस वर्षं सातवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले.

कलम ७. त्या सामन्याची मूळ गुणवही माझ्या कपाटात, खालच्या खणात आहे. ती ऑर्डवे कॉलेजला द्यावी. सोबत हे कलम माझं शपथेवरचं निवेदन समजावं: दिनांक २७ फेब्रुवारी १९८८ रोजी डेल किसलिंगच्या नावावर लावलेला शेवटचा असिस्ट असिस्ट नव्हता. मी अधिकृत गुणलेखिका होते. मी तो खोडते. दोघांचेही सहाशे अकरा.

यात निकड आहे ती अशी. नव्या हॉलच्या छताला आजवरच्या सर्वांत मोठ्या गार्डचा एकच शर्ट कायमचा टांगायचा आहे, येत्या २३ तारखेला. कॉलेजची समिती तीन महिने भांडली आणि शेवटी ठरलं की ज्याचे असिस्ट जास्त त्याचा शर्ट. सारखे असतील तर ज्याने कमी सामने खेळले त्याचा. दुसरं वाक्य कोणीतरी शोभेसाठी घातलं असावं. सारखे होतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गेल्या रविवारी हा कच्चा खर्डा घेऊन मी मेबरीच्या घरी गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ पुढे ठेवली. चष्मा लावून खर्डा दोनदा वाचला, शाळेतल्या वहीसारखा.

"गणितात एक चूक आहे, किसलिंगबाई," तो म्हणाला. "शर्ट फेब्रुवारीत टांगणार. तुम्ही जाणार कधी?"

"डॉक्टर म्हणतात जूनपर्यंत."

"मग हा कागद उघडेल तेव्हा डेल छताला टांगलेला असेल. त्याला खाली कोण उतरवणार? मेल्यावर बोलणं सोपं असतं. समोर कोणी उलट बोलायला नसतं."

"समितीला पत्र पाठवते."

"पत्र नको. त्या टेबलावर बोला. त्याच्यासमोर. जिथे इतकी वर्षं मला मिठाची बाटली केलंत तिथे."

मी म्हटलं की गुणवही त्यालाच ठेवणार आहे. खर्ड्यात तसंच होतं. तो हसला. "या राज्याचा कायदा वाचलात का? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं बुडतं आणि वकिलांना कुरण मिळतं. मला वही नको. मला सही करायची आहे."

म्हणून, कलम ८. लूशियस मेबरी याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. वही नाही, पेन्सिल नाही, आठवण म्हणून चमचासुद्धा नाही. किसलिंग घराण्याकडून त्याला काही न मिळण्याची ही पहिली खेप नव्हे. पण या वेळी ते त्याच्या मर्जीने आहे.

पुरवणी, सही करण्यापूर्वी, वांडाच्या हॉटेलात, गोल टेबलावर.

वरची आठही कलमं मी आज सकाळी सात वाजता मोठ्याने वाचली. हजर: डेल, हर्शल, मीठ आणि मिरीचे आणखी चार जण, वांडा, आणि पहिल्यांदाच या टेबलावर बसलेला लूशियस मेबरी. सहाव्या कलमापर्यंत लोक हसत होते. सवय आहे त्यांना.

मग डेल म्हणाला, "मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"टॉडने चेंडू आपटला तेव्हाच मी मान खाली घातली होती. म्हटलं, गेलं. मग भोंग्यावर माझं नाव पुकारलं. मला वाटलं, ताई म्हणते तर असेल. दुसऱ्या दिवशी फिल्म पाहिली. तीन टप्पे." तो अंड्यांकडे बघत होता. "तू सांगशील म्हणून वाट पाहिली. एक वर्ष. दोन वर्षं. मग पाटी रंगवून घेतली."

"तू सांगायचंस."

"बोट माझं होतं का?" तो ओरडला. "आता मरायला निघालीस तर हलकी होऊन चाललीस. मला इथेच राहायचंय. घर देतेस आणि छप्पर काढून घेतेस!" तो उठला. मेबरीपुढे थांबला, मग कोट खुर्चीवर विसरून तसाच थंडीत बाहेर गेला. त्याची मोटार बराच वेळ सुरू होत नव्हती; आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

पहिला कंठ फुटला तो हर्शलला. "पण बरोबरीच झाली ना? म्हणजे डेल मागे नाही पडला! आता बघा, कमी सामने म्हटले तर मेबरीच्या वेळी समोर होतं कोण..."

"हर्शल," वांडा म्हणाली, "तो समोर बसलाय. त्यालाच विचार."

हर्शलने मिठाची बाटली हळूच जागेवर ठेवली.

पहिलं कलम मी बदलत नाही. घर डेलचंच. त्याने घेतलं नाही तरी त्याचंच. दुसऱ्या कलमात बदल: मोटार वांडाला न देता विकून येईल ते अंत्यविधीला लावावं, कारण दुसऱ्या साक्षीदाराची गरज पडली आणि ती म्हणाली, "मोटार गेली खड्ड्यात, पेन दे इकडे." या कागदाची एक प्रत आजच, टपालाने नव्हे, स्वतःच्या पायांनी जाऊन समितीला देणार आहे. वरील सर्व मी वाचलं, ऐकवलं, आणि ते मला मान्य आहे. हे शेवटचं तर फारच उशिरा.

ठिकाण: मिल्स प्रेअरी, इंडियाना
दिनांक: शनिवार, ९ फेब्रुवारी २०१९

(सही) लोरेटा अर्लीन किसलिंग

आम्हां दोघांदेखत हिने सही केली. ती शुद्धीवर होती. आम्हांला यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) वांडा प्रूइट. कॉफीबद्दलचं वाक्य मी वाचलं आहे.

साक्षीदार २: (सही) लूशियस मेबरी, निवृत्त शिक्षक. मी तेव्हाही हजर होतो. तीन टप्पे.