शिलाई मशीनचं तेल

सिंदी मेघे, वर्धा
ता. १२ जानेवारी २०२५

प्रिय मयुरी,

पोरी, तुले अन् लेकरांले आशीर्वाद. जावईबापू बरे असतीन. इथं थंडी आहे, तुरीच्या शेंगा आल्या बाजारात. आमचं ठीक आहे. फोनवर बोलतो तं आई बाजूलेच बसून राह्यते, म्हणून कागद घेतला.

उन्हाळ्यात तू म्हणत होती, बाबा, दाराचं लॉक किती कुरकुरते. आता नाई कुरकुरत. चाबीच्या छिद्रातली धूळ फुंकतो, आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडतो, चाबी चारदा फिरवतो अन् वर आलेलं तेल चिंधीनं पुसतो. तुमच्या घरीही असंच करजो. खोबरेल नको टाकू, थंडीत गोठते.

इतकं तेल काऊन, ते तुले सांगितलं नाई.

दिवाळीनंतर एक दिवस मी दूध आणाले गेलतो. दार उघडं राह्यलं. आई दुपारी पवनारच्या पुलावर सापडली, पायात चप्पल नाई. शेजारच्या श्रावणनं ऑटोत बसवून आणली. त्या दिवशी तुहा फोन आलता तं तुले मी सांगितलं की आम्ही आंजीले लग्नात होतो. खोटं बोललो.

तवापासून बाहेर जातो तं तिले कोंडून जातो. लॉकचा खटका ऐकला की आई दारावर थापा मारे, रडे. समोरच्या शकुंतलाबाई अंगणात येऊन उभ्या राहत. लय लाज वाटे मले. म्हणून तेल. खटका गेला, रडणंही गेलं. मले वाटलं, तिले आता समजतच नाई. सुटलो म्हटलं.

परवा तिच्या गोळ्या आणाच्या होत्या. लॉकले तेल देऊन आत आलो तं तिनं माहा हात धरून नाकाजवळ नेला. मशीनची आठवण आली वाटते, म्हणून मले बरं वाटलं. तिनं कोपऱ्यातल्या स्वतःच्या चपला आणल्या, माह्या हातात दिल्या अन् पलंगावर जाऊन बसली.

"लवकर येजा," म्हणे. "मी नाई रडत."

माहं नाव तिले आठवत नाई, मयुरी. तेलाचा वास आला की मी कोंडून जातो, हे आठवते.

तुले ये म्हणाची हिंमत नाई होत. तुही नोकरी, लेकरांच्या शाळा. पण माह्याच्यानं आता होत नाई, पोरी. हे कोणाले तरी सांगाचं होतं.

तेलाची बाटली आज संपली. उद्या नवीन आणाले जा लागन, तिले कोंडूनच.

तुह्या आईले कोंडणारा,
तुहा बाबा
मधुकर